खुलासा : प्लॉटसमोरची वाळू सातबाऱ्यात येत नाही

‘कोकणात किनाऱ्यालगत दहा गुंठे घ्या, समोरची वाळूही तुमचीच, बिनधास्त कुंपण घाला’ असा मेसेज मराठवाड्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीरेषेखालचा, म्हणजे भरतीचं पाणी चढतं तिथवरचा समुद्रतळ सरकारचा; ओहोटीत उघडी पडणारी वाळूही त्यातच. उन्हाळ्यात जायकवाडी धरणाचा नाथसागर आटला म्हणून धरणात गेलेली, मोबदला घेतलेली जमीन मूळ मालकाला परत मिळते का? तसंच हे. वाळूत खांब रोवले तर ते अतिक्रमण. कलम ५० खाली उपटले जातात, वर खर्चही तुमच्याच माथी.

खरी गोची पुढे आहे. समुद्र आत सरकला की जमीन जाते, सातबाऱ्यावरचा आकडा मात्र तसाच राहतो. शेतसाऱ्यात सूट मागायची तर किमान अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे वाहून गेलेले हवेत. दहा गुंठेवाल्याने काय मागायचं?

इसार देण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि गट नंबर मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर ठेवून पाहा. विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं, म्हणजे तिथे नवं बांधकाम सहसा चालत नाही. दलालाने पायाने मोजून दाखवलेलं अंतर धरू नका, तेही ओहोटीच्या वेळी.