झेडपीच्या शाळेबद्दलचा तो मेसेज आणि माझं उत्तर

जून आला, शाळाप्रवेश सुरू झाले, की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, आशय तोच असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा अभ्यासक्रम मागासलेला, शिकवणं म्हणजे घोकंपट्टी, शिक्षक वर्गात सापडत नाहीत, पालकांना कुणी विचारत नाही आणि नागरिकशास्त्र फक्त परीक्षेपुरतं. म्हणून मुलाचं भलं हवं असेल तर त्याला इंग्रजी शाळेत घाला. माझी मुलगी सातवीपर्यंत झेडपीच्या शाळेत शिकली, त्यातली दोन वर्षं मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते. यंदाही तो मेसेज तीन ग्रुपवरून आला, तेव्हा एकदाचं उत्तर लिहूनच टाकते.

अभ्यासक्रमाचं आधी बघू, कारण त्यात फारसं काही नाही. अभ्यासक्रम जिल्हा परिषद ठरवत नाही. तो राज्याचा असतो आणि पुस्तकं पुण्याची बालभारती काढते. शेजारच्या खाजगी शाळेत राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम असेल, तर तिथेही तोच धडा असतो, माध्यम इंग्रजी असेल तर इंग्रजीतून. सीबीएसईशी तुलना करायची तर राज्य मंडळाची करा, त्यासाठी गावातल्या शाळेला बोल कशाला? जिल्हा परिषदेकडे असतात ते शिक्षक, इमारत आणि देखरेख.

घोकंपट्टीचा आरोप मला जास्त लागतो. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी वर्गाची फरशीच फळ्यासारखी वापरली. मुलं जमिनीवर बसून बिया, काड्या, मणी मांडत अंक शिकू लागली आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येऊ लागल्या. २०१५ मध्ये राज्याने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम काढला, तेव्हा कुमठ्याचं उदाहरण सगळीकडे दिलं जात होतं. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ ज्यांना मिळालं ते रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेचे शिक्षक होते. सगळ्या शाळा अशा नाहीत, हे मलाही माहीत आहे. पाढे ओरडून घेणारे वर्ग मीही पाहिलेत. पण ते फी घेऊन शिकवणाऱ्या शाळेतही पाहिलेत.

शिक्षक वर्गात नसतात, हे मात्र पुष्कळदा खरं आहे. मेसेज कारण सांगत नाही, एवढंच. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम शिक्षकांना शाळेबाहेरची कामं देऊ नका असं सांगतं, आणि त्याच वाक्यात जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका यांना सूट देतं. आमच्या शाळेतले सर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी होते. मतदार यादीचं काम निघालं की दोन वर्ग एकत्र बसत. मला त्याचा राग येतो, आजही. पण तो राग सरांवर काढून काय होणार? सर हौसेने यादी घेऊन उन्हात फिरत नव्हते. शिक्षकांची रिकामी पदं भरा आणि यादीच्या कामाला दुसरी माणसं नेमा, ही मागणी सरकारकडे करायला हवी. मेसेज ते सोडून शाळेलाच झोडपतो.

पालकांचं म्हणाल, तर शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात, असं हाच कायदा सांगतो. सरकारी आणि अनुदानित शाळांना ही समिती नेमावीच लागते. विनाअनुदानित खाजगी शाळांना हे कलम लागूच नाही. म्हणजे शाळेचा खर्च आणि हजेरी विचारण्याचा हक्क मला झेडपीच्या शाळेत कायद्याने मिळाला. बैठकीला न जाता नुसती सही करणारे पालक खूप असतात, पहिले सहा महिने मीही तेच केलं. मग जायला लागले.

राहिलं नागरिकशास्त्र. आमच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होई. पाटी, चेंडू, छत्री अशी चिन्हं, मोबाइलवर मतदान, बोटाला स्केचपेनची शाई. ही गंमत बऱ्याच शाळांत होते. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. पोषण आहार मंत्री म्हणून पाचवीतली एक मुलगी निवडून आली होती. पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५०, हा नियम तिला सरांनी सांगितला होता. त्या दिवशी लहान ३८ आणि मोठी १७ मुलं हजर. तिने फळ्याच्या कोपऱ्यात हिशेब केला, ६ किलो ३५० ग्रॅम. काटा सहा किलोवर थांबला. ती काही बोलली नाही, नुसती काट्याजवळ उभी राहिली. मदतनीस मावशींनी डब्यातून आणखी तांदूळ घातले, तेव्हा ती वर्गात गेली. हे मी स्वतः पाहिलंय, त्या दिवशी जेवणाची चव बघायची पाळी माझी होती.

माझी मुलगी २०२२ मध्ये सहावीला गेली. नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा धडा होता. सरांनी घरी तक्ता करून आणायला सांगितला: आपले सरपंच कोण, पंचायत समितीचे सदस्य कोण, जिल्हा परिषदेचे कोण. सरपंचांचं नाव तिने लगेच लिहिलं. पुढच्या दोन ओळींत काय लिहावं ते आम्हाला कळेना. कारण राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि त्यांच्याखालच्या पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, निवडणूक झाली नव्हती आणि कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकांकडे होता. सदस्य पाच वर्षांसाठी निवडून येतात असं पुस्तक सांगत होतं, आणि तिची शाळा जी परिषद चालवते तिथे निवडून आलेलं कुणीच नव्हतं.

मी म्हटलं, जुन्या सदस्यांचं नाव लिही, गुण जायला नकोत. तिने तसं लिहून नेलं. सरांनी ते नाव खोडायला लावलं. दोन्ही ओळींत ‘प्रशासक’ लिही म्हणाले, आणि पुढे तारीख टाक, किती दिवस झाले ते मोजता येईल.