वरून नायलॉन दिसला म्हणून दोर नियमात बसत नाही

स्पर्धेतील रोबोटसाठी दोर कसा निवडावा, हे सांगणारा एक संदेश विद्यार्थी संघांमध्ये फिरतो आहे. माझी पुतणी तिच्या शाळेच्या संघात आहे. तिने तो खरा मानून खरेदीची यादी केली आणि मला दाखवली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे: पोलादी गाभ्यावर नायलॉनचे आवरण असेल तर दोर वैध ठरतो, डायनिमा या अतिशय बळकट कृत्रिम तंतूच्या दोराला गाठ मारली तरी त्याची ताकद घटत नाही, कोणत्याही दोराचे टोक वितळवून बंद करता येते, आणि एका वर्षी चाललेला दोर पुढेही चालतो.

यांतला पहिला दावा निव्वळ चुकीचा आहे आणि तोच सर्वांत घातक आहे. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेच्या २०१७ सालच्या ‘स्टीमवर्क्स’ या खेळात सामन्याच्या शेवटी रोबोटने दोरावर चढायचे होते. त्याचे ५० गुण होते आणि संघांना स्वतःचा दोर आणता येत असे. त्या दोराची अट नियमावलीत स्पष्ट होती: तो केवळ लवचीक, अधातू तंतूंना पीळ देऊन, गाठी मारून, विणून किंवा गुंफून केलेला असावा. ‘केवळ’ हा शब्द वाचल्यावर आतल्या पोलादी तारेला जागा उरतेच कुठे? दोर कशाचा दिसतो असे नियम विचारत नाही, तो कशाचा बनला आहे असे विचारतो. शिवाय लहान व्यासाच्या रिळावर पुन्हा पुन्हा वाकल्याने तारेचे धागे थकून तुटतात, आणि वर आवरण असल्यामुळे ते तुटलेले कोणाला दिसत नाहीत. दिसतात ते आवरण फाडून एखाद्या मुलाच्या तळहातात घुसल्यावर. उघडी पडलेली तार १२ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकली, तर शॉर्ट सर्किट होते ते वेगळेच.

या गैरसमजाचे मूळ मला दिसते आणि तेवढे मान्य करावे लागते. रोबोटच्या स्वतःच्या यंत्रणेत, उदाहरणार्थ उचलण्याच्या कप्पीवर, या स्पर्धेतील अनेक संघ पोलादी केबल वापरतात आणि ते नियमबाह्य नाही. पण रोबोटच्या भागांचे नियम वेगळे आणि ज्यावर रोबोट चढतो त्या दोराचे वेगळे. संदेश लिहिणाऱ्याने ही दोन प्रकरणे एकत्र कालवली आहेत.

डायनिमाबद्दलही अर्धे खरे आहे. वजनाच्या तुलनेत तो पोलादापेक्षा बळकट असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की साध्या गाठी घसरतात, आणि न घसरलेली गाठही ताकद मोठ्या प्रमाणात, अनेकदा निम्म्यापर्यंत, खाली आणते. म्हणूनच जाणकार त्याला गाठ न मारता दोराचे टोक दोराच्याच पोटात ओवून जोड देतात. वेष्टनावर छापलेला भार गाठीसकट पेलला जाईल असे मुलांना सांगणे म्हणजे रोबोट वरून पडण्याची तयारी करणे होय.

टोक वितळवण्याचा सल्ला नायलॉन व पॉलिएस्टरला लागू पडतो. अरामिड (केव्हलरसारखा उष्णतारोधक तंतू) वितळतच नाही, सुती दोर जळतो. तेथे टोकाला दोरा गुंडाळून बांधावा लागतो.

शेवटचा दावा तर नियमावली न उघडल्याची कबुलीच आहे. फर्स्टचा खेळ दरवर्षी बदलतो, हंगाम चालू असतानाही सुधारणा निघतात, आणि स्पर्धा बदलली की अटही बदलते. व्हेक्स या दुसऱ्या रोबोट स्पर्धेच्या अलीकडच्या नियमांत तर दोरीची जाडी पाव इंचापर्यंतच चालते. मी पुतणीच्या यादीतला पोलादी गाभ्याचा दोर खोडायला लावला आहे, आणि या वर्षीच्या नियमावलीतले दोराचे कलम संघातल्या प्रत्येकाने स्वतः वाचेपर्यंत दुसरा दोर मागवू नये असे तिला सांगितले आहे.