दोन्ही यंत्रं ‘पाणी’ म्हणाली तरी

‘खडकात करंट सोडणारं आणि हादरे ऐकणारं यंत्र एकत्र लावलं की पाणी किती फुटांवर आहे ते शंभर टक्के कळतं. रोधकता कमी, हादऱ्याचा वेगही कमी, म्हणजे पाणीच. आर्चीचं सूत्र आहे. बिनधास्त 800 फूट मारा.’ हा मेसेज संगमनेरच्या मामांनी पाठवला, खाली प्रश्न: ‘बोअरची गाडी सांगू का?’ म्हणून आजच लिहितोय.

रोधकता म्हणजे खडक विजेला किती अडवतो ते. ती कमी म्हणजे पाणीच, हे साफ चूक आहे. आर्ची हा तेलविहिरींवर काम करणारा अमेरिकन अभियंता, त्याचं सूत्र 1942 चं. ते खडकाची रोधकता त्याच्या छिद्रांशी आणि छिद्रांतल्या पाण्याशी जोडतं, हे खरं. पण ते बसवलंय खाऱ्या पाण्याने भरलेल्या, चिकणमाती नसलेल्या वालुकाश्मावर. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग बेसाल्टचा, आणि इथे दोन लाव्हाथरांच्या मध्ये बऱ्याचदा तांबडा, मातकट थर सापडतो. चिकणमाती स्वतःच वीज वाहून नेते. ती ओली असते, पण पाणी सोडत नाही. मीटरवरचा आकडा झकास खाली येतो आणि बोअरमधून तांबडा चिखल निघतो.

हादऱ्यांचं तर विचारूच नका. घट्ट काळ्या पाषाणातून लाट सेकंदाला 5 ते 6 किलोमीटर धावते. भेगाळलेल्या, मुरमाड खडकात वेग घटतो, पण तो खडक कोरडा असला तरी घटतोच! शिवाय हातोडा आपटून, थरांवरून वळून वर परतलेल्या लाटा टिपतात त्या अपवर्तन सर्वेक्षणात कठीण थराखालचा मऊ थर दिसतच नाही. कठीण खडकातून मऊ थरात शिरणारी लाट खाली वळते, त्या थराच्या माथ्यावरून सरकत पृष्ठभागाकडे परतत नाही. मग 800 फुटांवरचं ऐकलं कुणी?

फुटांचा आकडाही तसाच. पातळ पण खूप कमी रोधकतेचा थर आणि जाड पण थोड्या जास्त रोधकतेचा थर, दोघांचे रोधकतेचे आलेख जवळपास सारखे येतात. मग नेमके फूट सांगायचे कशावरून?

दोन्ही मोजण्या एकत्र केल्या तर फायदा होतो, एवढं मान्य करावं लागेल. वेग घटलेला दिसला तर तो मुरूम सुका की भिजलेला, याचा अंदाज रोधकतेवरून बांधता येतो. जागा निवडताना चुका कमी होतात. हमी मिळत नाही.

राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फुटांच्या विहिरीलाच ‘खोल’ धरलंय. मेसेजवाला त्याच्या चौपट खाली जायला सांगतो, आणि बोअर कोरडी गेली तर कर्ज शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढतं.