खडपावरचं शेवाळ आणि बंद केलेल्या गोळ्या

कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: खडपावरचं, म्हणजे समुद्रकिनाऱ्याच्या खडकांवरचं, तपकिरी शेवाळ वाळवून पूड करा, रोज उपाशीपोटी चमचाभर घ्या, महिन्यात शुगर नॉर्मल, गोळ्या-इन्सुलिन बंद. जपानी लोक शेवाळ खातात म्हणून त्यांना मधुमेह नाही, आणि औषध कंपन्या हे दाबून ठेवतात. हे वाचून गोळ्या थांबवणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, म्हणून लिहितेय.

आधी यातलं खरं ते सांगते. तपकिरी शेवाळात फ्लोरोटॅनिन नावाची द्रव्यं असतात. भातातल्या स्टार्चची साखर करणारी पाचकद्रव्यं ती अडवतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. अकार्बोज ही डॉक्टर देतात ती गोळीही अशीच काम करते. त्यामुळे जेवणानंतर चढणारी साखर थोडी दबू शकते. पण माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत, निकालही सारखे नाहीत. आणि इन्सुलिनची जागा यातलं काहीच घेत नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं, तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं.

'महिन्यात नॉर्मल' हे तर तपासायलाही अवघड. एचबीए१सी ही रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. एखाद्या सकाळी ग्लुकोमीटरवर आकडा कमी दिसला म्हणजे आजार गेला असं नाही.

जपानचं म्हणाल, तर तिथल्या सरकारच्या २०१६ च्या पाहणीत मधुमेहाची दाट शक्यता असलेली माणसं सुमारे १ कोटी निघाली. शेवाळ खाऊनच.

कंपन्या वनस्पती दाबतात म्हणे! आपल्याकडे घरोघरी असलेलं मेटफॉर्मिन 'गॅलेगा' या युरोपातल्या झुडपातल्या द्रव्यावरूनच पुढे आलं. आणि शेवाळाच्या अर्काची मधुमेहासाठीची कॅप्सूल कोचीच्या सरकारी केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनेच 'कडलमिन' नावाने काढलीय. मग दाबलं कोणी?

खरी काळजी त्या चमचाभर पुडीची आहे. थंडीत ओहोटीला मालवणच्या खडपांवर सरगॅसम दिसतं: चिवट तपकिरी पानं, मधेमधे मिरीएवढे हवेचे फुगे. हे शेवाळ समुद्रातलं आयोडीन आणि आर्सेनिक स्वतःत साठवतं. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, आणि ते आपल्याला आयोडीनयुक्त मिठातून, मासळीतून मिळतंच. त्यावर रोज पूड घेतली की थायरॉइड बिघडू शकतं, तेही वर किंवा खाली, कुठल्याही बाजूला. सरगॅसमच्याच कुळातलं 'हिजिकी' जपानी स्वयंपाकात चालतं, पण त्यात विषारी आर्सेनिक सापडल्यामुळे ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ते खाऊ नका असं सांगितलं. बंदराजवळच्या, सांडपाणी येतं तिथल्या खडपावरचं शेवाळ कोण तपासतंय? कॅप्सूलमध्ये ठरावीक मापाचा अर्क असतो. चमच्यात किती काय गेलं, ते पूड करणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शिवाय शेवाळात पोटॅशियम भरपूर असतं. मधुमेहाने किडनी अधू झालेल्या माणसाला तेच भारी पडतं.

चायनाग्रासची खीर किंवा जेली आवडत असेल तर खुशाल खा, साखर बेताची घाला. तेही शेवाळापासूनच बनतं, पण ते औषध नाही. आणि घरात कुणी मेसेज वाचून गोळ्या थांबवल्या असतील, तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. किती दिवस बंद आहेत आणि पूड किती घेतली, दोन्ही स्पष्ट सांगा. थायरॉइडची तपासणी करायची का, तेही विचारा.