कोलायटिसच्या 'ताक-बेलफळ' मेसेजबद्दल खुलासा

मागच्या आठवड्यात मीच इथं टाकलं होतं: '21 दिवस फक्त ताक आणि बेलफळ घ्या, गोळ्या बंद करा, अल्सरेटिव्ह कोलायटिस मुळापासून जाते.' हे चूक आहे. न तपासता पाठवलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

ते वाचून माझ्या चुलतभावानं गोळ्या सोडल्या. रक्त पडू लागलं, तेव्हा त्याला घेऊन नागपूरला पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट समजावलं. या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. कोणत्याही पथ्यानं तो कायमचा जातो असं सिद्ध झालेलं नाही. मेसालामाईनसारखं औषध बरं वाटत असतानाही चालू ठेवावं लागतं. सोडलं की दुखणं उलटण्याचा धोका वाढतो.

पथ्य बिनकामाचं नाही. त्रास वाढला असताना मऊ भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी बरी पडते. ठेचा, झणझणीत रस्सा, कच्चा कांदा, अख्खे हरभरे तेव्हा नकोत. उतार पडला की भाकर, शिजवलेल्या भाज्या हळूहळू सुरू करायच्या. ताक सोसत असेल तर खुशाल प्या, पण गोळीच्या जागी नाही. उगाच सगळं वर्ज्य केलं तर माणूस खंगतो, आणि रक्त जाऊन अंग आधीच पांढरं पडलेलं असतं.

दिवसातून सहा-सात वेळा रक्ताची संडास, सोबत ताप, असं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तो मेसेज पुढं पाठवला असेल त्यांनी कृपया तो काढा, आणि ज्यांना पाठवला त्यांना हा खुलासा द्या.