गोव्याच्या पुढे जेवायला थांबा

आपली किनाऱ्याची सहल गोव्यात संपते आणि मग एकदम केरळात सुरू होते. कारवार ते मंगळुरू हा मधला साधारण २७० किलोमीटरचा पट्टा आपण रात्रीच्या रेल्वेत झोपून काढतो, नाहीतर गोकर्ण-मुरुडेश्वर करून मागे फिरतो. आम्ही दोघं यंदा डिसेंबरात गाडी घेऊन तिकडे गेलो ते मुख्यतः खायला. आता माझं ठाम मत झालंय की ज्या जोडप्यात एक मासे खाणारा आणि एक शाकाहारी आहे, त्यांच्यासाठी देशात यापेक्षा चांगला रस्ता नसेल.

आमच्या घरी तेच आहे. मी मासे खाणारी, नवरा अंडंसुद्धा न खाणारा. मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलो की माझ्या ताटाकडे सगळ्यांचं लक्ष आणि त्याच्या ताटात बटाट्याची भाजी. तो कधी तक्रार करत नाही, पण मला ते खटकायचं. म्हणून या वेळी ठरवलं होतं की एक जेवण माझ्या पसंतीचं, एक त्याच्या. आणि जिथे एकाच मेनूकार्डावर पंजाबी, चायनीज, बिर्याणी, डोसा सगळं आहे, तिथे थांबायचंच नाही.

हे दुसरं वाटतं तेवढं सोपं नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ आता बराचसा चौपदरी झालाय. कुंदापुरात तर उड्डाणपुलावरून गाव न बघताच पुढे जाता येतं. महामार्गालगतच्या मोठ्या हॉटेलांत तीच पनीरची भाजी मिळते जी पुणे-सोलापूर रस्त्यावर मिळते. खरं जेवण खाली गावात आहे. जुन्या बसस्टँडाजवळ, बाजारपेठेत. खाली उतरायचा कंटाळा करू नका.

कारवारात तिरफळ घातलेलं बांगड्याचं हुमण खाल्लं. मालवणी माणसाला ते जराही परकं लागणार नाही. होन्नावरला शरावती समुद्राला मिळते, तिथे खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपले. भटकळला नवायती मुसलमानांची बिर्याणी, भरपूर कांद्याच्या मसाल्याची. त्यांची बोली कोकणीच्या घरातली आहे, बाजारात कान दिला तर निम्मं कळतं. मरवंतेला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मधून रस्ता. तिथे आम्ही काहीच खाल्लं नाही, फक्त बसून राहिलो.

कुंदापूरचा चिकन घी रोस्ट आता मुंबईतही मिळतो, पण मुंबईत तो नुसता तिखट लागतो. इथे ब्याडगी मिरचीचा रंग, चिंचेचा आंबटपणा आणि साजूक तूप एकमेकांना धरून असतात, आणि मसाला तूप सुटेपर्यंत परतलेला असतो. सोबत नीर डोसा, इतका पातळ की घडी घालूनच वाढतात. जवळच बसरूर आहे. १६६५ साली शिवाजी महाराजांनी मालवणहून आरमार नेऊन छापा घातला ते हेच श्रीमंत बंदर, आणि परतताना महाराज गोकर्णाला थांबले होते. आज वाराही नदीच्या काठचं ते शांत गाव आहे. आरमाराचा अभिमान सांगणाऱ्या आपल्यापैकी फार थोडे तिथे जातात, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

पण सगळ्यात चांगलं जेवण माझं नव्हतं, त्याचं होतं. उडुपीच्या कृष्णमठात दुपारी पंक्तीला बसलो. आठ मठांकडे दोन-दोन वर्षांनी आळीपाळीने पूजेचा अधिकार येतो, त्याला पर्याय म्हणतात. पूजेसोबत रोजच्या अन्नदानाची जबाबदारीही त्या मठाकडे येते. कांदा नाही, लसूण नाही. भातावर आधी सार, मग हुळी म्हणजे तिकडची भाज्या घातलेली आंबट आमटी, पायस, शेवटी ताक. वाढणारे बादल्या घेऊन जवळजवळ पळत असतात, तरी कुणाचं पान रिकामं राहत नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात मट्टू गुळ्ळा दिसली. उडुपीजवळच्या मट्टू गावची ही गोल, हिरवी, पातळ सालीची वांगी. बी या आठ मठांपैकी एकाचे जुन्या काळचे स्वामी वादिराज यांनी दिलं असं तिथे मानतात. २०११ मध्ये या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. एका छोट्या खानावळीत त्याची हुळी खाल्ली. वांगं विरघळत नाही आणि घशाला खाजतही नाही. नवऱ्याने तिसऱ्यांदा भात मागून घेतला. ज्या प्रदेशात शाकाहार ही कुणाची अडचण नसून एक पूर्ण पाककला आहे, तिथे तो इतका मोकळा होऊन जेवला, हे बघून मला माझ्या माशांपेक्षा जास्त आनंद झाला.

मंगळुरूला माझ्यासाठी मुडदुशा, ज्यांना तिकडे काणे म्हणतात, रव्यात तळलेल्या. कोरी रोट्टीही खाल्ली. तांदळाच्या कुरकुरीत रोट्टीवर कोंबडीचा नारळातला रस्सा ओततात. रोट्टी पूर्ण भिजायच्या आत खायची. नवऱ्यासाठी सकाळी केळ्याचे बन्स आणि चटणी. ते मात्र मीही सोडले नाहीत.

जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुरमईचा हट्ट धरू नका, खाडीतलं जे मिळेल ते खा. बंदी आहे म्हणून तर पुढे मासे मिळतात.

पुढच्या वेळी मंगळुरूहून खाली, कासरगोड-कण्णूर-तळश्शेरी असा बेत आहे. तिकडे राहिलेल्या किंवा फिरलेल्या कुणाला घरगुती जेवणाच्या जागा माहीत असतील तर नक्की लिहा. शाकाहारी जागा आधी सांगा, माशांचं मी शोधून काढेन.