पार्श्वसंगीत कुठे थांबतं, तेही ऐका

मालिकांच्या पार्श्वसंगीताला नावं ठेवताना बहुतेक लोक संगीतकाराला धरतात. सून दारात उभी राहिली की तीनदा ढॅण, सासूने मान वळवली की पुन्हा तेच. पण रोजच्या मालिकेत संगीतकार सहसा प्रत्येक भागासाठी वाजवायला बसत नाही. मालिका सुरू होण्याआधी तो शीर्षकगीताच्या चालीतून तुकड्यांची एक बँक करून देतो. दुःखाचे तुकडे, तणावाचे, लग्नघराचे, खलनायिकेचे. पुढे वर्षानुवर्षं तेच तुकडे एडिटिंगच्या टेबलावर भागाखाली टाकले जातात. भाग 22 मिनिटांचा, प्रक्षेपण तोंडावर आलेलं, आणि संगीत नेमकं कुठे हवं हे ठरवायला कुणाला वेळ नसतो. मग सगळीकडेच घातलं जातं. माझं ठाम मत आहे की दोष चालीत कमी आणि या न झालेल्या निर्णयात जास्त आहे.

अणुभट्टीच्या अपघातावरची 'चेर्नोबिल' (2019) ही मालिका आठवा. संगीतकार हिल्दुर गुडनाडोटिर यांनी लिथुआनियातल्या इग्नालिना या बंद पडलेल्या अणुवीज प्रकल्पातले आवाज रेकॉर्ड केले आणि त्या आवाजांतून, सोबत स्वतःचा गळा वापरून, पाचही भागांचं संगीत उभं केलं. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. इथे तो कानाला कळतो. आणि संगीताचा पोत त्या इमारतीच्या घुमाऱ्याचाच असल्यामुळे ते कधी सुरू झालं याचा पत्ता लागत नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये संगीतकार रामिन जवादी यांनी पियानो पहिल्यांदा वाजवला तो 2016 साली, सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात. तो मालिकेचा 60वा भाग. एवढे दिवस न ऐकलेलं वाद्य वाजताच आज काहीतरी वेगळं घडणार हे प्रेक्षकाला कळतं, त्यासाठी ढॅण लागत नाही. 'द वायर' ही अमेरिकन गुन्हेमालिका तर त्याहून पुढे गेली. तिथलं जवळपास सगळं संगीत दृश्यातल्याच गाडीतून किंवा रेडिओवरून येतं.

हे सगळं मोठ्या पैशांचं काम, आपल्याकडे कसं जमणार, असं लगेच म्हटलं जातं. वाद्यमेळाला पैसे लागतात हे खरं. थांबायला लागत नाहीत.

पहिलं काम स्पॉटिंगचं. भाग एकदा संगीताशिवाय पूर्ण बघायचा आणि कागदावर तीन रकाने भरायचे: संगीत कुठे सुरू, कुठे बंद, कशासाठी. तिसरा रकाना एका वाक्यात भरता येत नसेल तर तिथे संगीत नको. 22 मिनिटांत आठ-नऊ मिनिटं संगीत माझ्या मते भरपूर झालं. सुरुवात कधी, यावर फार काही अवलंबून असतं. वाईट बातमीच्या आधीच सारंगी लागली तर प्रेक्षकाला बातमी आधी कळते आणि नटाचं काम वाया जातं. वाक्य संपू द्या, ऐकणाऱ्याचा चेहरा बदलू द्या, मग सूर येऊ द्या. तोही दाराच्या आवाजाखाली, कुकरच्या शिट्टीखाली, जाणाऱ्या स्कूटरखाली हळूच आत घ्यावा, म्हणजे सांधा दिसत नाही.

एखाद्या क्षणावर आघात हवाच असेल तर तुकडा मध्येच कापू नका, लयीचं गणित करा. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम. समजा आघात सुरुवातीपासून 10 सेकंद 12 फ्रेमवर, म्हणजे 10.48 सेकंदांवर हवा आहे. मिनिटाला 80 मात्रांची लय धरली तर एक मात्रा 0.75 सेकंदाची आणि 14 मात्रा 10.5 सेकंदांच्या. चूक अर्ध्या फ्रेमची, डोळ्याला न दिसणारी. चार मात्रांचे तीन बार आणि मग दोन मात्रांचा एक छोटा बार घातला की सम नेमकी त्या नजरेवर पडते.

बँक करतानाच दोन गोष्टी पाळल्या तर पुढचा निम्मा त्रास वाचतो. सगळे तुकडे एका पट्टीत किंवा तिच्या पंचमात ठेवा, उदाहरणार्थ हार्मोनियमवरची पांढरी एक आणि पांढरी पाच. काळी एकमधल्या तुकड्याला पांढरी दोनमधला जोडला की सांधा खटकतोच, मग तो झाकायला वरून आणखी एक आघात टाकला जातो. दुसरं म्हणजे प्रत्येक तुकड्याचे थर वेगळे द्या: सूर धरणारा पॅड वेगळा, ताल वेगळा, मुख्य वाद्य वेगळं, शेवटचा विरणारा नाद वेगळा. तयार एकत्र मिक्स दिला तर संवादाखाली फक्त बासरी काढून टाकायची सोयच उरत नाही. चाल दमदार असली की थोडक्यात भागतं. अशोक पत्कींची 'आभाळमाया'ची पहिली ओळ नुसत्या बासरीवर घेतली तरी ओळखू येते.

मिक्समध्ये, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र करताना, सगळ्यात जास्त मार संवादाला बसतो. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि त्यांचा मोठा भाग 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये असतो. व्हायोलिन आणि सारंगीची धारही तिथेच. म्हणून सगळं संगीत दाबण्यापेक्षा संगीतातला तेवढाच सबंध पट्टा तीन-चार डेसिबलने उतरवा. जिथे लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारा आवाजाचा जोर, पूर्ण भागाच्या सरासरीने मोजतात, उदाहरणार्थ युरोपातलं उणे 23 एलयूएफएसचं (हे लाउडनेसचं एकक) मानक, तिथे आणखी एक सापळा आहे. संगीत जोरात ठेवलं की सरासरी वाढते, मग पूर्ण भाग खाली ओढला जातो आणि संवाद आणखी पुटपुटल्यासारखे होतात. नेटफ्लिक्स उणे 27 मागतं, पण ते मोजमाप संवादाचं असतं. मला तीच पद्धत योग्य वाटते.

आणि 65 हर्ट्झचा खर्ज स्टुडिओत कितीही गंभीर वाटला, तरी फोनच्या किंवा पातळ टीव्हीच्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. त्याच्या दोन सप्तकं वर एक हलका सूर जोडा.

आता त्या तीन रकान्यांच्या कागदाकडे परत. त्यात तुकड्याचं नाव, लांबी आणि संगीतकाराचं नाव एवढं भरलं की तोच क्यू शीट, म्हणजे भागात वाजलेल्या संगीताची नोंद, होतो. भारताच्या कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने संगीतकाराला रॉयल्टीत वाटा दिला आहे. पण कुठला तुकडा किती सेकंद वाजला हे कुणी लिहिलंच नाही, तर तो वाटा मोजायचा कशावरून?